गाडी हातात घेणं

मायला विंचू चावला तेव्हा दिवस मावळून राहिला होता. चुलीसाठी पऱ्हाट्या काढायला ती घरामागं गेली आणि तिचा पाय पडला त्याच्यावर. आधी ती ओरडली. मग ओरडायची बंद झाली, आणि ओरडायची बंद झाली म्हणून बाबा घाबरला. बाबा म्हणजे माझा बाप. गवंडीकाम करतो. कामावर जायला त्यानं एक जुनी मोटारसायकल घेतली होती. तिच्यावर त्यानं मायला मधी बसवलं, मागून मला बसवलं. तिला घट्ट धर म्हणाला, गोरेगावला दवाखान्यात न्यायचंय.

आमची वस्ती गावाच्या खालच्या अंगाला. गोरेगावच्या रस्त्याला लागायचं तर गावातून वर जावं लागतं आणि वाटेत मालकाचं घर लागतं. मालक म्हणजे गावातला मोठा शेतकरी. स्लॅबचा बंगला, पुढं पोर्च, पोर्चात खुर्च्या, खुर्च्यांत संध्याकाळची बसणारी माणसं. बंगल्याचं कंपाउंड सुरू झालं तशी बाबानं गाडी बंद केली. उतरला. मायकडं न बघता म्हणाला, "उतर."

माय उतरली. पाय टेकवत नव्हता तिला. मी तिच्या काखेत माझा खांदा घातला. पुढं बाबा गाडी ढकलतोय, मागं आम्ही दोघी. कंपाउंड काही लांब नाही, शाळेत जाताना मी ते पळत ओलांडायची. त्या दिवशी ते सरता सरेना. मायचं सगळं अंग थरथरत होतं आणि तोंडातून लाळ गळत होती. पोर्चातून मालकानं विचारलं, काय झालं रे. बाबा मान खाली घालूनच बोलला, मालक, इच्चू चावला हिला.

"बरं बरं," मालक म्हणाला. "सावकाश जा."

असंच म्हणाला. चांगल्या आवाजात. कुणी दगड मारला नाही, कुणी शिवी दिली नाही. खुर्चीतून कुणी उठलंही नाही. कंपाउंड संपलं, बाबानं किक मारली, आम्ही परत बसलो.

माय वाचली. डॉक्टरनं इंजेक्शन दिलं, सलाईन लावलं आणि म्हणाला थोडं आधी आणायला पाहिजे होतं. मी बाबाकडं बघितलं. तो भिंतीवरचं कॅलेंडर बघत होता.

आमच्या वस्तीत याला एक शब्द आहे. गाडी हातात घेणं. दुसरीकडं कुणी म्हणालं की मी गाडी हातात घेतली, तर लोक समजतात की चालवायला घेतली. आमच्याकडं उलटं. गाडी हातात घेतली म्हणजे खाली उतरून, इंजिन बंद करून, ढकलत नेली. माझ्या आज्यानं त्या घरासमोरून चपला हातात घेतल्या. बाबानं जवानीत सायकल हातात घेतली. मग गाडी आली, ती पण हातात घेतली. मला जेव्हा कळायला लागलं तेव्हा मी विचारलं, काहून उतरतो बाबा तू? सांगितलंय का कुणी? तो म्हणाला, "आपलं काय झिजतं?"

गावाचं नाव मी लिहीत नाही. सेनगाव तालुक्यातलं एक आहे, एवढं पुरे. माय-बाबा अजून तिथंच राहतात. इथं नाव लिहून त्यांच्या दारात तकलीफ पाठवायची हौस नाही मला. आम्ही बौद्ध. आज्याच्या पिढीनं जातीचं जुनं नाव टाकून दिलं. गावानं ते उचलून जपून ठेवलं.

गाडी मी बाबाचीच शिकले. साखऱ्याकडं जाणारा रस्ता उन्हाचा मोकळा असतो, तिथं. पडले, गुडघे फोडले, परत बसले. पुढं कॉलेजला हिंगोलीत आले तर बसस्टँडच्या मागं सलीमचाचाचं गॅरेज होतं. मी तिथं कामाला लागले. आधी पाने उचलून द्यायचे, मग इंजिन उघडायला लागले. एका गिऱ्हाइकानं नाक मुरडलं, ही पोरगी हात लावणार का माझ्या गाडीला. चाचा म्हणाला, हात लगाएगी भाई, नजर थोडी लगाएगी. चाचा तरुणपणी कुठं कुठं जाऊन रेस पळवून आलेला. दुपारी गिऱ्हाईक नसलं की तो मला बायपासला घेऊन जायचा आणि ब्रेक कसा मारायचा ते शिकवायचा. त्याच्या मते गाडी पळवणं गाढवालाही जमतं, थांबवायला अक्कल लागते. एका गाड्यांच्या कंपनीची रेसिंगसाठी मुलींची निवड चाचणी निघाली तेव्हा त्यानंच माझं नाव टाकून दिलं आणि रेल्वेत बसवून दिलं.

ट्रॅक मी पहिल्यांदा दक्षिणेत बघितला. काळा, गुळगुळीत, कुठं खड्डा नाही. समोरून बैलगाडी येणार नाही, म्हैस आडवी जाणार नाही. कडेला कुणाचं घर नाही. मी हेल्मेटच्या आत हसत होते वेड्यासारखी. मला वाटलं, चला, जगात एक रस्ता तरी असा आहे की जिथं उतरावं लागत नाही.

चाचणीत माझा वेळ चांगला आला. तिथंच एका टीमच्या मालकानं मला घेतलं. मराठी माणूस, मोठ्या शहरातला. सगळे त्यांना सर म्हणायचे, मीही म्हणायला लागले. आडनाव विचारलं, गाव विचारलं, म्हणाले, "अच्छा." टीममध्ये मुलींच्या गटात अजून एक रायडर होती, ईशिता, सरांची सख्खी पुतणी. गाडी टीमची, टायर टीमचे, जाणं-येणं टीमचं, वर पगार. गाडी पळवून पोट भरायचं, असं आमच्या घराण्यात कुणी केलं नव्हतं. बाबा गोरेगावच्या हॉटेलात लोकांना माझे फोटो दाखवायचा.

आता पहिल्याच दिवशी काय झालं ते सांगते.

ट्रॅकच्या कडेला गाड्या ठेवायची, दुरुस्तीची जागा असते, तिला पिट म्हणतात. सराव संपला की सगळे रायडर तिथल्या अरुंद रस्त्यानं हळू गाडी चालवत आपापल्या टीमच्या शटरपर्यंत येतात. मीही आले. आमच्या शटरपुढं खुर्ची टाकून सर बसले होते. शेजारी दोन पाहुणे. मला काय झालं मला ठाऊक नाही. मी इंजिन बंद केलं. उतरले. आणि गाडी ढकलत त्यांच्या खुर्चीसमोरून आत नेली.

आमचा मेकॅनिक धावत आला. काय झालं, बंद पडली का? कानात नुसतं घूं घूं होत होतं. माझे हात हँडलला धरलेले, मान खाली, बराबर बाबासारखी. कुणी सांगितलं नव्हतं. कुणी डोळेही वटारले नव्हते. माणूस खुर्चीत बसलेला दिसला आणि माझे पाय आपोआप जमिनीला लागले. सरांनी ते बघितलं आणि पाहुण्यांना म्हणाले, "संस्कार बघा. हल्लीच्या पोरांत हे राहिलं नाही."

त्या वेळी मी ओशाळून हसले. थू माझ्या त्या हसण्यावर.

मग ते नेहमीचंच झालं. ईशिता गाडीवरून ऐटीत यायची, गाडी स्टँडला लावून हेल्मेट काढायची. मी उतरून ढकलत यायचे. एक-दोनदा मी बसूनच आले, तर सर हसत म्हणाले, काय, आज संस्कार विसरलीस वाटतं. सगळे हसले. पुढल्या खेपेला मी उतरले. ट्रॅकवर मी ईशिताच्या पुढं असायची, बऱ्याचदा चांगली पुढं. पिटमध्ये आले की मागं. रेसिंग सूट अंगात जड असतो, इंजिन तापलेलं असतं, घाम डोळ्यांत जातो. मी ढकलत राहायची आणि स्वतःला सांगायची, आपलं काय झिजतं. बाबाचंच वाक्य. ते माझ्या तोंडात कधी येऊन बसलं मला कळलंही नाही.

दुसऱ्या सीझनच्या मधात मी पडले. डाव्या वळणावर पुढच्या चाकाची पकड सुटली, गाडी घसरत मातीत गेली, मी तिच्या मागं. हाड मोडलं नाही पण डावा घोटा टम्म सुजला. गाडी चालू होती. मी कशीबशी बसले आणि पिटमध्ये आले. सर बाहेरच होते. पाच-सहा माणसं बरोबर, टीमला पैसा लावणारी. मी उतरले. त्या पायावर उतरले. गाडीवर भार टाकत एक पाय ओढत ढकलायला लागले. वेदना घोट्यातून वर मांडीपर्यंत यायची. मेकॅनिक मदतीला पुढं झाला, सरांनी त्याला हातानं थांबवलं. त्यांना पाहुण्यांना दाखवायचं होतं. माझ्याकडं बघून ते म्हणाले,

"सावकाश. सावकाश ये."

मला माय दिसली. कंपाउंडच्या कडेनं लंगडणारी, लाळ गळणारी माय. शब्द तोच. आवाजही तसाच, चांगला. मी जागच्या जागी उभी राहिले. इतकी वर्षं मला वाटायचं की मालक आमच्या गावात राहतो आणि मी गाव सोडून लांब आले. मालक गावात राहत नव्हता. तो माझ्या गुडघ्यांत राहत होता. मीच त्याला इथवर घेऊन आले होते, टीमच्या खर्चानं.

गाडी मी तिथंच स्टँडला लावली आणि लंगडत आत गेले. आत जाऊन रडले. वेदनेनं रडते असं सगळ्यांना वाटलं, वाटू दिलं.

घोटा बरा होईपर्यंत सुट्टी मिळाली, म्हणून गावाला गेले. चार दिवसांनी बाबाला गोरेगावला सिमेंट बघायला जायचं होतं. मी म्हणाले, गाडी मी चालवते, तू मागं बस. कंपाउंड आलं. मी गियर टाकला नाही, काढला नाही, वेग वाढवला नाही. जशी चालले होते तशी चालले. मागून बाबा म्हणाला, थांबव. मी थांबवली नाही. पुन्हा म्हणाला. मग गाडी हलकी झाली. चालत्या गाडीवरून उतरला माझा बाप. आरशात दिसत होता. मान खाली, दोन्ही हात पुढं, जणू गाडी अजून त्याच्या हातातच आहे. पोर्चातली माणसं माझ्याकडं बघतही नव्हती. त्याच्याकडं बघत होती. कंपाउंडच्या टोकाला मी थांबले, तो आला, मागं बसला.

आठ दिवसांत बाबाचं चालू काम बंद झालं. मालकाच्या भावाच्या घराचं काम होतं, ते दुसऱ्या गवंड्याला गेलं. निरोप आला, तुझी पोरगी लई शिकली वाटतं. बाबा माझ्यावर खेकसला, तुझं काय जातं, तू जाशील निघून, आमाला इथं राहायचंय. खरं होतं त्याचं. म्हणून माझा पगार आता घरासाठी नुसता हातभार राहिला नव्हता. घर त्याच्यावरच चालू लागलं होतं. हे डोक्यात घेऊन मी परत ट्रॅकवर गेले.

सीझनची शेवटची रेस. सरांनी वर्षाच्या सुरुवातीलाच सगळ्यांसमोर सांगितलं होतं की पुढल्या वर्षी मुलींच्या गटात टीम एकच गाडी उतरवणार, आणि दोघींत जिचे गुण जास्त, तिची ती जागा. घोट्यामुळं माझ्या रेस बुडाल्या होत्या, म्हणून शेवटच्या रेसला आमचे गुण बरोबरीत होते. म्हणजे हिशेब साधा. त्या दिवशी दोघींत जी पुढं राहील, तिला गाडी आणि पगार. दुसरीनं घरी जायचं.

सकाळी सरांनी मला बाजूला घेतलं. चहा दिला, स्वतःच्या हातानं. म्हणाले, ईशिताला पुढं जाऊ दे. तिच्या नावावर पैसा लावणारे येतात, तुला समजतंय ना. तुलाही ठेवू, तिची गाडी तपासायला, सरावाला कुणीतरी लागतंच. तू समंजस आहेस, तुला सांगावं लागत नाही. मी चहा पीत राहिले. हो म्हणाले नाही, नाही म्हणाले नाही. त्यांनी हो धरलं. आमच्यासारख्यांचं गप बसणं लोक नेहमी हो म्हणूनच धरतात.

खोटं कशाला बोलू, ग्रिडवर, म्हणजे रेस सुटायच्या रांगेत उभी राहिले तेव्हाही माझं ठरलं नव्हतं. सरावाची गाडी तर सरावाची गाडी, पगार तर येईल. बाबाचं काम गेलेलं. मायचं तोंड डोळ्यासमोर. लाल दिवे लागले. दिवे गेले. गाडी सुटली.

पहिल्या फेरीतच एक तमिळ पोरगी पुढं निघून गेली, तिला गाठणं त्या दिवशी कुणाच्या बापाला जमलं नसतं. तिच्या मागं मी. माझ्या मागं ईशिता, इतकी जवळ की वळणावर तिच्या इंजिनचा आवाज माझ्या पाठीत ऐकू यायचा. सरळ रस्त्याच्या कडेला भिंतीवरून टीमची माणसं रायडरला पाटी दाखवतात. आमच्या पाटीवर माझं नाव आणि खाली लिहिलेलं, स्लो. मी पुढं गेले. पुढच्या फेरीला परत स्लो. त्याच्या पुढच्या फेरीला पाटी मेकॅनिकच्या हातात नव्हती. सर स्वतः भिंतीवर चढले होते आणि दोन्ही हातांनी पाटी हलवत होते.

आणि माझा उजवा हात सैल पडला. खरंच पडला. ॲक्सिलेटर आपोआप कमी झाला, जसे पिटमध्ये पाय आपोआप खाली आले होते. ईशिताचं पुढचं चाक माझ्या गुडघ्यापाशी दिसायला लागलं. मग मला इतका संताप आला, तिच्यावर नाही, सरांवरही नाही, माझ्या त्या हातावर. काहून ऐकतोस तू? कुणाचा हात आहेस? मी हेल्मेटच्या आत ओरडले, घाणेरड्या शिव्या दिल्या, आमच्या वस्तीतल्या, मायनं ऐकल्या असत्या तर थोबाड फोडलं असतं. हात पिळला. वळणापर्यंत ब्रेकला बोट लावलं नाही. ईशितानं आधी ब्रेक मारला, मी नंतर मारला, मागचं चाक हललं, गाडी वळली, मी पुढं.

मग शेवटपर्यंत मी पाटीकडं बघितलं नाही. रेस संपली तेव्हा मी दुसरी होते, ईशिता तिसरी.

पिटमध्ये आले. पहिल्या तिघींनी गाड्या तपासणीच्या जागी न्यायच्या असतात, ती आमच्या शटरवरून पुढं जाऊन लागते. शटरसमोर सर रस्त्यावरच येऊन उभे राहिले, हात आडवा करून. मला थांबावं लागलं. इंजिन चालू होतं. सगळी टीम बघत होती, शेजारच्या टीमचे लोकही.

"उतर," सर म्हणाले.

"न्हाई उतरत," मी म्हणाले. "बाजूला व्हा. गाडी तपासणीला न्यायची हाय."

ते हलले नाहीत. मी पण हलले नाही. ट्रॅकचा अधिकारी ओरडला, रस्ता मोकळा करा. तेव्हा सर बाजूला झाले. मी गाडीवर बसून गेले.

नंतर त्यांनी मला आत बोलावलं. मोबाईल उभा करून ठेवला होता, व्हिडिओ घ्यायला. त्यांच्या मते मी एवढंच बोलायचं होतं की माझ्याकडून चूक झाली, पाटी दिसली नाही, टीमची माफी मागते. म्हणाले, बोललीस तर सरावाची जागा तुझी, पगार चालू. त्यांनी मोबाईल सुरू केला. मी बोलले. म्हणाले, पाटी दिसली होती. तीनदा दिसली. चूक झाली न्हाई, मुद्दाम पुढं गेले, आणि सगळ्यांसमोर तुमी म्हणाला होता जिचे गुण जास्त तिची जागा. सरांनी मोबाईल बंद केला. म्हणाले, "सूट काढ. टीमचा आहे."

तिथंच काढला. हेल्मेट दिलं, हातमोजे दिले. आतल्या घामेजल्या कपड्यांवर आणि माझ्या बुटांवर बाहेर आले. दारात ईशिता उभी होती. म्हणाली, मी काकांना असं करायला सांगितलं नव्हतं. मी विचारलं, तुला माहीत होतं? ती खाली बघायला लागली. तेवढं उत्तर पुरलं मला.

घरी फोन केला. बाबा म्हणाला, भाकरीला लाथ मारलीस. मारली. मी त्याची समजूत काढली नाही आणि त्यानंही माझी काढली नाही. आता मी हिंगोलीत चाचाच्या गॅरेजला काम करते, घरी पाठवते ते तिथलंच. दोन टीमना विचारलं. दोन्हीकडं माझ्याआधी माझी ख्याती पोचली होती, पोरगी वेगवान आहे पण बेशिस्त आहे. बरं. बेशिस्त तर बेशिस्त. चाचा आणि मी एक अपघातातली गाडी उघडून नवी बांधून राहिलो. टीम नाही, सूट भाड्याचा, टायर कुणीतरी वापरलेले. नियमात एकट्या रायडरला उतरता येतं, मी बघून ठेवलंय.

येत्या सीझनला मी ग्रिडवर असणार. शेवटच्या रांगेत असेन कदाचित, गाडी मधातच बंद पडेल कदाचित. माझ्याहून जोरात जी येईल ती माझ्या पुढं जाईल, तिच्या दमावर जाईल, आणि मी तिच्या मागं लागेन. पण खुर्चीत बसून, भिंतीवर चढून, चहा पाजून कुणी माझ्याकडं साईड मागू नये. मी देणार नाही.